आईच्या आवाजाचा अर्ज

१२ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय ढब्बू,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव, हुद्दा, वीज कंपनीचं मुख्यालय, तिसरा मजला, सगळं नीट लिहिलंय, तेव्हा आतल्या ढब्बूवरून तोंड वाकडं करू नकोस. मोठ्या बहिणीला एवढा हक्क असतो. तू बरा असशीलच. वेळेवर जेवत नसशील हेही मला ठाऊक आहे. आम्ही दोघी मजेत आहोत. हे पत्रात लिहायची पद्धत म्हणून लिहीत नाहीये, खरंच मजेत आहोत.

आधी इकडच्या बातम्या. आमच्या चष्म्याच्या दुकानात काच घासायचं नवं मशीन आलंय आणि ते चालवणारी मी एकटीच असल्यामुळे मालक सध्या माझ्याशी फार गोड बोलतात. स्वयंपाकघराचं दार एकदाचं दुरुस्त झालं. वरच्या काकूंची मांजर आता आपल्याकडेच राहते, काकू फक्त भेटायला येतात.

पत्र कसलं लिहितेस, फोन कर की, असं म्हणशील. अरे बाबा, फोनवर बोलले तर आई ऐकणार. तिचे कान तुला माहीत आहेत. मेसेज केला तर तू तो जिन्यावरून उतरताना एका डोळ्याने वाचशील. पत्र कसं, बसून वाचावं लागतं. तर आता बस.

आईला आवाज नाही, ढब्बू. वर्ष झालं.

घाबरू नकोस, आणि हातातलं पत्र टाकून गाडी पकडायला धावू नकोस. आधी पुढचं वाच. गेल्या वर्षी थंडीत तिचा घसा बसला. तिला वाटलं, वीज नियामकाच्या तक्रार लाइनवर ओरडून ओरडून बसलाय, आणि त्याबद्दलही एक तक्रार ठोकायचा तिचा विचार होता. पण घसा काही उघडेना. तपासलं तर स्वरयंत्रावर गाठ. डॉक्टरीणबाईंनी वेळ न घालवता स्वरयंत्रच काढलं. गाठ गेली, मुळासकट गेली. आता तपासणीला गेलो की डॉक्टरीणबाई हसतच बाहेर येतात आणि माझ्या जिवात जीव येतो. आई ठणठणीत आहे. गळ्याला पुढून छोटं भोक आहे, त्यातून श्वास घेते, वरून पातळ रुमाल बांधते. चहा फुंकता येत नाही म्हणून वैतागते. वास कळत नाही म्हणून दूध करपवते, आणि करपलं हे मान्य करत नाही. बोलायचं असेल तर पाटीवर लिहिते, मला हाक मारायची असेल तर चमचा ताटलीवर आपटते. बाकी आई होती तशीच आहे.

तुला कळवलं नाही, कारण तिने मला शपथ घातली होती. शुद्धीवर आल्यावर तिने पाटी मागून घेतली आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "त्याला सांगशील तर याद राख. तो दयेपोटी येईल. आमचं भांडण अर्धं राहिलंय. ते मी माझ्या आवाजात पुरं करीन." आता नळ्या लावलेल्या बाईशी मी काय वाद घालणार? मी हो म्हटलं. म्हणून तुझ्या प्रत्येक "घरी सगळं ठीक?" ला माझं "ठीक" येत राहिलं. ते लिहिताना माझा जीव किती तुटायचा ते मलाच माहीत.

भांडण तुला आठवत असेलच, पण तू फक्त तुझ्या बाजूने आठवतोस. आपली आई म्हणजे या गावातल्या विजेची स्वयंघोषित पहारेकरीण. दाब कमी झाला, दिवसा रस्त्यावरचा दिवा जळत राहिला, मीटर वाचणारा आत न येता भिंतीवरून डोकावून आकडा लिहून गेला, की हिची तक्रार कंपनीकडे, आणि कंपनीने दाद दिली नाही की वरती वीज नियामकाकडे. तुला त्याच कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी कमी दाबाची तक्रार केली. मुलगा तिथे आहे म्हणून काय सूट द्यायची, असं तिचं म्हणणं. आणि मग एक दिवस कंपनीचं उत्तर आलं, "आपल्या तक्रारीत तथ्य आढळले नाही," आणि खाली सही तुझी.

तू समोर आलेला गठ्ठा न वाचता सह्या करून मोकळा केला होतास, हे तू सांगितलंस आणि मला पटलंही. मी दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते, कंटाळा काय चीज आहे ते मला कळतं. पण तिला फोनवर तू पुढे म्हणालास, "तुझ्या तक्रारीत वाचण्यासारखं असतं तरी काय?" तिथे बिनसलं. तिने नियामकाकडे तुझ्या सहीविरुद्ध अपील केलं, तुझ्या साहेबांनी तुला झापलं, आणि तू घरी फोन करणं बंद केलंस. दोघंही एका मुशीतले, मी मधल्या मधे.

असो. आता मजेची गोष्ट सांगते, कारण या सगळ्याचा शेवट चांगला होत आलाय.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी आईला एक छोटं यंत्र दाखवलं. त्यावर टाइप केलं की ते बोलतं. त्यात एका बाईचा तयार आवाज होता, गोड, सावकाश, प्रत्येक शब्दाला साखर लावलेला. आईने ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, "ही कोण भवानी? माझ्या तोंडून ही बोलणार?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, तुमचे जुने आवाज असतील तर त्यावरून तुमच्यासारखाच आवाज बनवता येतो, घरी काही रेकॉर्डिंग असेल ना?

घरी! मी सगळे जुने मोबाइल शोधले. आई प्रत्येक व्हिडिओत आहे, आणि प्रत्येक व्हिडिओत हात आडवा करून एकच वाक्य म्हणतेय, "बंद कर ते आधी." मॅडमनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, एवढ्यावर नाही हो भागणार. आई त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. ऑपरेशनच्या वेळी नाही झाली इतकी ती त्या दिवशी खचली होती.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि बाहेर चमच्याचा असा ठणठणाट सुरू झाला की मला वाटलं आग लागली. ओल्या केसांनी धावत आले तर ही पाटी उंच धरून उभी. पाटीवर काय? "गुणवत्तेसाठी आपला कॉल रेकॉर्ड केला जात आहे."

मी खुळ्यासारखी बघत राहिले. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, नियामकाच्या तक्रार लाइनवर तिने आयुष्यातले किती तास घातलेत! आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला ती टेप वाजायचीच.

चौकशी केली तर कळलं की कुठल्याही सरकारी नियामकाकडे आपली स्वतःची अशी जी माहिती असेल ती आपल्याला मागता येते, आणि आवाजसुद्धा माहितीच असतो. अर्ज आईने स्वतः भरला. कितीतरी महिन्यांनी तिच्या हातात भांडायला काहीतरी आलं होतं, गालावर रंग चढला होता नुसता. "माहिती कशासाठी हवी?" असा एक रकाना होता. तिने लिहिलं, "माझी आहे म्हणून."

आता माझा गाढवपणा ऐक. अर्ज पोचल्यावर तिकडून ओळख पटवायला फोन आला. अर्जदाराशीच बोलायचंय म्हणाले. आई शेजारी उभी, मुकी. मी म्हटलं, कुठे समजावत बसा, आणि घसा खाकरून म्हणाले, "हो, मीच बोलतेय."

पलीकडे एक माणूस खोकला. मला लगेच कळलं हा कोण. आई ज्याला खोकल्या म्हणते तो, वर्षानुवर्षं तिच्या तक्रारी लिहून घेणारा. तो म्हणाला, "बाई, एकच विचारतो. तुमच्याकडे वीज कशी आहे सध्या?"

मी म्हटलं, "ठीक आहे."

"तुम्ही त्या नाही," तो म्हणाला.

वर तो म्हणाला, दुसऱ्याच्या नावाने माहिती मागणं गुन्हा आहे, अर्ज थांबवतोय. फोन ठेवल्यावर आईने पाटीवर मला जे काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "ठीक आहे" म्हणालीस? माझ्या नावाने? तिचा मुख्य राग त्यावर होता.

मग आम्ही दोघी त्या कार्यालयात गेलो. दुसरा मजला, लांबलचक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेमागे हेडफोन लावलेली माणसं. एक वाळकासा, निवृत्तीला टेकलेला गृहस्थ स्वेटर घालून बसला होता आणि खोकत होता. आई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, रुमाल थोडा खाली करून गळा दाखवला, आणि पाटीवर एकच शब्द लिहिला, "खोकल्या?"

तो वाचून उठून उभाच राहिला रे. मग म्हणाला, "बाई, आम्हाला वाटलं तुमच्याकडचा दाब सुधारला." पुढे म्हणाला, "मी इथे सगळ्यांना विचारत होतो, बाईंचा फोन का नाही? नाही नाही ते मनात यायचं." आणि खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं. आईने त्याच्या डोक्यावरच्या फडफडणाऱ्या ट्यूबकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "हो, हो, कळवतो." ओळखपत्र वगैरे नंतर दाखवलं, पण ओळख तिथेच पटली होती.

त्यानेच एक गोष्ट सांगितली जी ऐकून मी हात टेकले. नियम असा आहे की ग्राहकाने "माझं समाधान झालं" म्हटलं की तक्रार बंद होते, आणि बंद झालेल्या तक्रारीचं रेकॉर्डिंग काही काळाने पुसून टाकतात. बहुतेक लोक कंटाळून म्हणतात एकदाचं. आपल्या आईने एकदाही म्हटलेलं नाही. हा बिचारा विनवायचा, "बाई, तार बदलली, दाब आला, आता तरी म्हणा." ही म्हणायची, "बघू पुढच्या महिन्यात." त्यामुळे तिची एकूण एक तक्रार अजून चालू, आणि एकूण एक रेकॉर्डिंग जिवंत! आईने हे ऐकून असा काही रुमाल सावरला, जणू तिला पदकच मिळालंय.

फक्त एक अट होती. बाकीच्यांचे आवाज त्या त्या माणसांचे, म्हणून ते काढून टाकूनच देणार. आम्ही म्हटलं, काढा, आम्हाला काय करायचेत.

पेन ड्राइव्ह आला आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर तो लावला. "हॅलो, कोण बोलतंय? नाव सांगा आधी." ढब्बू, ती खोलीत बोलली. मी तिथेच भोकाड पसरलं. ती मात्र अजिबात रडली नाही. मान डोलावत ऐकत होती, स्वतःचंच पटत असल्यासारखी. समोरच्याचं सगळं काढून टाकलेलं, त्यामुळे ती विचारते, पलीकडे गप्प, ती ठणकावते, पलीकडे गप्प. प्रत्येक वाद तीच जिंकते. इतकी खूश होती ती त्या संध्याकाळी!

मॅडमनी त्यावरून आवाज बनवायला घेतला. गेल्या आठवड्यात तो यंत्रात आला. हुबेहूब आई. अडचण एकच, जन्मभर तिने त्या लाइनवर फक्त तक्रार केली, त्यामुळे यंत्राला तेवढाच सूर येतो. तिने पहिलं वाक्य टाइप केलं, "मला तहान लागली आहे." ते अशा काही आवाजात आलं की मॅडम खुर्ची मागे सारून स्वतः पाणी आणायला पळाल्या. मांजरीला "ये गं" म्हटलं तर ती कपाटाखाली गेली. खोकल्याला आम्ही मुद्दाम फोन करून "आभारी आहे" ऐकवलं. तो म्हणाला, "बाई, आणखी काय चुकलं?"

आम्ही इतक्या हसतो हल्ली. आईचं हसू आता बिनआवाजाचं असतं, नुसते खांदे हलतात, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते.

आता चमचा वाजतोय. उरलेलं उद्या लिहिते.

१३ मार्च, शुक्रवार, सकाळ

आई भाजी आणायला गेलीय, यंत्र घेऊन. भाजीवाल्याची दया येते.

काल मी सगळं गमतीचं लिहिलं आणि एका जागी येऊन थांबले. खरं म्हणजे चमचा नंतर वाजला. आधी मीच पेन ठेवलं होतं.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक तुकडा आहे. तिला लाइनवर थांबवून ठेवलंय, आणि मधेच आपलं दार वाजतं. आई म्हणते, "आलास का रे? किती हा उशीर!" मग काही नाही, नुसती पोकळी. मग, "अरे, आधी बस तरी." पुन्हा पोकळी. आणि मग ती हसते, मोठ्याने, आणि म्हणते, "वेडा आहेस झालं." मग लगेच तिचा तक्रारीचा आवाज, "हॅलो, हां, किती वेळ थांबवायचं माणसाला?"

त्या पोकळ्यांमध्ये तू आहेस. कॉलेजातून आलेला असशील. नियमाप्रमाणे तुला काढून टाकलंय.

दुपारी ती तेवढाच तुकडा लावते. पोकळी आली की तिचे ओठ हलतात. मी एकदा विचारलं, काय म्हणाला होता गं तो? तिने पाटीवर लिहिलं, "आठवत नाही. म्हणून तर." मी खोकल्याला विचारलं, तेवढं मिळणार नाही का? तो म्हणाला, "तो आवाज त्यांचा आहे. आईलासुद्धा देता येत नाही. त्यांनी स्वतः मागायला हवा." तू अर्ज केलास तर मिळेल. अर्जाचा कागद सोबत जोडलाय.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये.

गेल्या उन्हाळ्यात तू एकदा घरी फोन केला होतास. आठवतं ना? नंतर मला मेसेज केलास, "आईने फोन उचलला आणि एक शब्द बोलली नाही. काय समजायचं ते समजलो." मी त्यावर काहीच उत्तर दिलं नाही, शपथेला चिकटून बसले. आता ती शपथ मोडतेय, काय व्हायचं ते होवो.

मी त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तेव्हा आई रिसीव्हर हातात धरून त्यावर चमचा आपटत होती. जिवाच्या आकांताने आपटत होती. तुला ती लाइनची खडखड वाटली असेल. तू तिकडून "आई? आई, मी बोलतोय," असं म्हणत होतास, ते तिने मला नंतर लिहून दाखवलं. तू शेवटी म्हणालास, "बरं, नको बोलूस," आणि ठेवलास. ती तरीही आपटत राहिली. मला तिच्या हातातून चमचा काढून घ्यावा लागला.

ती तुझ्यावर रुसून गप्प नव्हती रे. तिच्याकडे बोलायला आवाजच नव्हता.

तेव्हापासून तिला आवाज हवा होता तो तुझ्यासाठीच. तो अर्ज, ते कार्यालय, ते सगळं. आणि आता आवाज आलाय तर बाईसाहेबांची हिंमत होत नाही! वीज कंपनीच्या साहेबांना जिने रडवलं ती रोज फोनसमोर बसते, टाइप करते, पुसते, पुन्हा टाइप करते, आणि उठून मांजरीला दूध घालते. काल तिने एक वाक्य पुसलं नाही. यंत्रात ठेवून दिलंय. मी चोरून वाचलं. ते भांडणाचं नाही, एवढंच सांगते.

तेव्हा फोन तू कर. पुढच्या रविवारी, २२ तारखेला, संध्याकाळी मी मुद्दाम बाहेर जाणार आहे, म्हणजे तिलाच उचलावा लागेल. तिचा सूर चिडका लागेल, त्याला ती काय करणार, यंत्राला दुसरा येत नाही. शब्दांकडे लक्ष दे. आणि तिची बोटं हळू चालतात. तू हॅलो म्हणशील आणि पलीकडे काही म्हणजे काही ऐकू येणार नाही. बराच वेळ.

फोन ठेवू नकोस, ढब्बू. ती बोलत असेल.

रविवारी बागेतल्या बाकावर बसून उगाच घड्याळ बघणारी,
तुझी ताई